शुक्रवारचा भात

माजं म्हायेर दिघाशी. भिवंडी तालुक्यातच, पन आमच्या ल्हानपनी भिवंडी म्हंजे लय लांब, कारन पायानं यायला लागायचं. बापाची भाताची शेती, आनि भात कापून झाला की बाप गवताचे भारे बांधून भिवंडीच्या तबेलेवाल्यांना न्यायचा, त्या बैलगाडीत गवतावर बसून मी पयल्यांदा भिवंडी बघितली. न्हाय, बघितली काय, ऐकली. गाव यायच्या आधी आवाज आला, खटाखट खटाखट, मी बापाला बोल्ली, दादा, येवडी मानसं मिळून काय कुटतात ओ? बाप हसला, बोल्ला, कपडा कुटतात. शाळेत मी दुसरीपर्यंत गेली, मंग भाऊ झाला, त्याला सांभाळायला कोन, म्हनून आयेनं मला घरी बसवली. भावानं मला शाळेतून काढली आनि पुढं शाळेतच माजा जन्म गेला. हसा, हसा, मीबी हसते.

लगीन झालं ते भिवंडीत, खाडीकडच्या आळीत. नवरा लूमवर. लूमवाला मानूस घरी आला की त्याला हळू बोललेलं ऐकूच येत न्हाय ओ, शिफ्टच्या शिफ्ट त्या खटखटीत उभा राहून कान बसतात, मंग घरातबी वरडूनच बोलायचं. सासू बोलायची, तुमचं दोघांचं गोड बोलनं पन आळीला भांडन वाटतं. मानूस चांगला व्हता. छातीनं गेला. सुताचा बारीक कापूस नाकातोंडातून आत जातो, त्याचा खोकला लागला तो सुटलाच न्हाय. माज्या पदरात पोरगा न्हाय, पोरगी न्हाय. ते आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढं इचारायला नको, आनि मग तुमी तोंड बारीक करून आरेरे करायला नको.

शाळेच्या मोठ्या बाई, म्हंजे हेडमास्तरीन, त्या गावातल्या जुन्या घरातल्या, वडील कोर्टात कारकून, सगळी मानसं शिकलेली. त्यांच्याकडं माजी सासू भांड्याला जायची. त्या बोलल्या, हिरा, शाळेला आया पायजे, येशील का? मी बोल्ली, येते. तवापासून मी हिरामावशी. घंटा द्यायची, माठ भरायचे, बालवाडीची पोरं मुतायला न्यायची, कुनाला ताप आला तर त्याला घरी पोचवायचं. कुनी वर्गात चड्डी ओली केली तर ती धुऊन उन्हात टाकायची आनि सुकेस्तवर पोराला पदरात गुंडाळून बसवायचं. पोरं मुततातच ओ. त्यात काय. मोठी मानसं काय काय करतात आनि त्याला कुनी हसत न्हाय.

शाळेचं नाव तुमी लिवू नका. शाळा आजून हाय, पोरं शिकतात, चांगली शिकतात. पुढं कौलाची इमारत, तितं बालवाडी आनि पयली, माजं काम तितंच. मागं पत्र्याची, तितं दुसरी ते चवथी. आनि त्याच्याबी मागं, अंगनाच्या पार टोकाला, येक खोली. तुटके बाक, फाटके नकाशे, पावसात भिजलेलं काय काय त्यात टाकलेलं. त्या खोलीची मागची भिंत आनि लूमच्या कारखान्याची भिंत येकच. भिंतीला हात लावला तर हात थरथरायचा, कान लावायची गरजच न्हाय.

आता तुमाला शुक्रवारचं सांगायला पायजे, त्याशिवाय पुढचं कळनार न्हाय. आमच्या भिवंडीत शुक्रवारी लूमची लाइट बंद. आठवड्याची सुट्टी म्हना. सगळ्या लूम गप. बाहेरगावच्या मानसाला बरं वाटत आसंल, आमाला न्हाय वाटत. सहा दिवस त्या आवाजात राहून सातव्या दिवशी गाव मेल्यागत वाटतं, चिमनी बोल्ली तरी दचकायला व्हतं. आनि आमच्या शाळेला सुट्टी आयतवारची, म्हंजे शुक्रवारी शाळा भरलेली आनि आजूबाजूला शांत. आजबी शुक्रवारच हाय, म्हनून तर तुमाला बोलवलं, न्हायतर तुमाला माजं काय ऐकू आलं आसतं?

चौऱ्याऐंशीला मोठी दंगल झाली त्याच्या येक-दोन वर्सं आधीची गोष्ट आसंल. शुक्रवारी त्या मागच्या अंगनातून रडनं यायला लागलं. बारीक. मांजराच्या पिल्लागत, आनि मधीच थांबायचं. पयलं ऐकलं ते पलीकडच्या नळावर पानी भरनाऱ्या बायांनी, त्यांच्याकडून आळीत आलं, आळीतून सगळीकडं. रडनं फक्त शुक्रवारीच येतं, बाकीच्या वारी न्हाय. शुक्रवार तर देवीचा वार. मंग जुन्या बायांनी ठरवलं, ही साधी न्हाय, ही कुनीतरी बाळंतपनात मेलेली बाई हाय, पोराला शोधत येते. तिचं नावच पडलं, शुक्रवारवाली. लूमवर काम करनारे भय्ये पन हात जोडायचे, बोलायचे, उधर मत जाना, जुम्मेवाली बैठी है. म्हंजे बघा, भूत येक आनि हात जोडनारे सगळे.

काय सांगू तुमाला. रडनं रोजचंच व्हतं. सोमवारी व्हतं, मंगळवारी व्हतं, पन लूम चालू आसताना कोन ऐकनार? आमाला रोजचं रडनं शुक्रवारी तेवडं ऐकू येत व्हतं आनि आमी बोलत व्हतो, ती शुक्रवारचीच येते. येवड्या गावात कुनाच्या डोक्यात आलं न्हाय. भूतबित काय नव्हतं ताई, आत पोर व्हतं. मी आधीच सांगून टाकते, मला ती शेवटाला सांगायची गोष्ट करायची न्हाय.

दुसरीला येक सर व्हते. नाव न्हाय घेनार. धुतलेला पांढरा शर्ट, केसाला तेल, आनि आवाज आसा गोड की मीबी कधी कधी झाडू हातात घेऊन त्यांच्या खिडकीशी उभी राहायची. ते मारायचे न्हाय हां. कधी छडी हातात धरली न्हाय. बाकीचे मास्तर मारायचे, आनि आईबाप येऊन वर सांगून जायचे, मारा, पन शिकवा. कारखान्यातले भय्ये बोलायचे, हड्डी हमारी, चमडी आपकी. त्यात हे सर कुनाला बोट लावत न्हायत आनि तरी वर्ग आसा गप की आत पोरं हायत का न्हाय कळू नये. आमी सगळे बोलायचो, देवमानूस हाय. साठ-सत्तर पोरं, सात-आठ वर्सांची, आनि कुनी हसत न्हाय, कुनी भांडत न्हाय, कुनी मावशी म्हनून हाक मारत न्हाय. ते चांगलं वाटत व्हतं आमाला.

सुमन माज्या शेजारची. म्हायेर वळ गावचं, नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. सुमन कांडीवर कामाला, म्हंजे लूमच्या धोट्यात घालायच्या त्या बोटायेवड्या लाकडी कांड्या, त्यांच्यावर सूत भरायचं मशीन. आनि कारखाना कुटला, तर शाळेच्या मागचाच. त्या खोलीची भिंत, त्या भिंतीला लागून कांडीचं मशीन, आनि मशीनवर सुमन. हे मी तुमाला सांगते तेवडंच सांगते.

तिची पोरगी मंदा. बडबडी पोर. माजा हात धरून शाळेत यायची तर वाटंवरच्या दुकानाच्या पाट्या वाचत यायची, चुकीच्या वाचायची आनि मी हसली की भांडायची, मावशी, मी बरोबर हाय, पाटीच चुकली. पयलीत आशी. दुसरीत गेली, दिवाळी झाली, आनि पोर हळूहळू बोलायची बंद झाली. आधी कमी, मंग हां आनि न्हाय, मंग तेबी न्हाय. अंथरूनात मुतायला लागली. घराचं दार लावलं की किंचाळायची, म्हनून सुमन दार उघडं टाकून झोपायची, आनि पोर उंबऱ्यावर, आर्धी आत आर्धी बाहेर. शाळेच्या वाटंवर पाय ओढायची. सुमन तिला उचलून आनून फाटकात सोडायची आनि पळत कामावर जायची, आनि मी तिचं मनगट धरून आत न्यायची. बोटं न्हाय धरायला द्यायची ती, मूठ वळायची, म्हनून मनगट.

आळीतल्या बायांनी बघितलं आनि बोलल्या, हिला धरलंय. दार लावू देत न्हाय म्हंजे आत कुनीतरी हाय. बोलत न्हाय म्हंजे जीभ बांधलीय. शाळेत कोन बसलीय सगळ्यांना ठावच व्हतं. सुमन येकटी, नवरा गाडीवर, तिनं तरी काय करावं? खाडीपल्याड येक भगत व्हता, म्हातारा, त्याच्याकडं आमी दोघी पोरीला घेऊन गेलो. त्यानं तांदूळ टाकले, इचारलं, शाळा कुटली, मंग मान हलवली. पोरीला भाईर ओट्यावर बसवून आमाला बोल्ला, तिथलीच हाय. तिला जेवायला घाला. दर शुक्रवारी पोरीच्या आयेच्या हातचा दहीभात तिच्या दारात ठेवा, पन आयेनं सोता जायचं न्हाय, आई दिसली तर ती पोरीला सोडनार न्हाय. दुसऱ्या बाईनं ठेवायचा. ठेवला की वळायचं, मागं बघायचं न्हाय, फाटकाभाईर येईस्तवर तोंडातून शब्द काढायचा न्हाय. आनि पोरीच्या मनगटाला काळा दोरा बांधला, त्यात येक बारकी कवडी.

दुसरी बाई म्हंजे मीच की. आनि कोन हाय.

शुक्रवारी सुमनची सुट्टी. ती अंघोळ करून सोवळ्यानं भात करायची, वळच्या भावाच्या शेतातला लालसर तांदूळ, केळीच्या पानावर दहीभात काढून दुपारच्या आत फाटकाशी यायची. मी पान घ्यायची आनि मागच्या अंगनात जायची. त्या दाराची खालची फळी पावसाच्या पान्यानं कुजलेली, वितभर फट व्हती. मी पान त्या फटीशी सारायची, वळायची आनि चालू पडायची. छाती आशी उडायची की मला वाटायचं तो आवाज पन कुनीतरी ऐकतंय. शाळा सुटल्यावर जाऊन बघितलं तर पान साफ. येक शीत न्हाय, दही चाटून घेतलेलं. मी सुमनला सांगितलं तर ती रस्त्यातच रडली, आनंदानं रडली ओ. बोल्ली, घेतलं गो तिनं, हिरा, घेतलं. आता सोडील माज्या पोरीला.

आनि सर? सर मला व्हरांड्यात भेटले, त्या गोड आवाजात बोलले, हिराबाई, तुमी चांगलं करताय, श्रद्धा आसावी मानसाला, फक्त पोरांना तिकडं फिरकू देऊ नका. मी बोल्ली, हो सर. मला तर ते अजून मोठे वाटले, शिकलेले आसून हसले न्हायत म्हनून.

असे काही शुक्रवार गेले. मंग येक शुक्रवार आला, मी पान सारलं, वळली, चार पावलं गेली आनि मागून खोकला आला. साधा खोकला. आमच्या भिवंडीच्या सगळ्या पोरांना आसतो तो, कापसाचा, कोरडा, शेवटाला शिट्टी वाजते आसा. माजा नवरा त्याच खोकल्यानं गेला, मी तो हजारात वळखते. आनि माज्या मनात काय आलं सांगू, भुताला खोकला व्हतो का? मेल्यावर पन कापूस सुटत न्हाय का? भगतानं सांगितलेलं सगळं ठाव व्हतं. तरी मी वळली.

फटीतून हात आलेला. बारीक हात, कोपरापर्यंत, धुळीनं काळा. बोटं पानावरचा भात चाचपडत व्हती, डोळे न्हायत ना बोटांना, घास सापडला की हात आत जायचा आनि परत यायचा. मनगटाला काळा दोरा. दोऱ्यात कवडी.

मी तितंच बसली, मातीत. बोल्ली, मंदा? हात थांबला. मी परत इचारलं, बाय, मंदा हाय का गो? मंग आतून आवाज आला, किती महिन्यांनी ऐकत व्हती मी तो आवाज, बोल्ली, मावशी, आयेनं पानी न्हाय दिलं?

दाराला कुलूप. किल्ली सरांकडं. मी वर्गाच्या दारात गेली, सर फळ्यावर गनित लिवत व्हते, मी बोल्ली, सर, किल्ली द्या, आत पोरगी हाय. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले, बोलले, माहीत आहे हिराबाई, तिनं परत वर्ग घान केला, सुटायच्या आधी काढनारच आहे, तुमी तुमचं काम करा. येवडं शांत. जसं काय मी माठ भरू का इचारलं. मी पोरांकडं बघितलं. सगळी पोरं खाली मान घालून पाटीवर गनित उतरवत व्हती.

आमच्या शाळेची घंटा म्हंजे रुळाचा तुकडा टांगलेला आनि लोखंडी हातोडा. मी तो हातोडा घेतला आनि कुलपावर घातला. शुक्रवारची शांतता, तो आवाज खाडीपर्यंत गेला आसंल. पोरांना वाटलं शाळा सुटली, सगळे वर्ग पळत बाहेर आले, बालवाडीसुद्धा, आनि मागच्या अंगनात येऊन उभे. कोयंडा निघाला, दार उघडलं, मंदा भिंतीशी बसलेली, डोळ्यावर हात, उजेड सोसंना. फ्रॉक ओला. आनि ताई, मी तुमाला खरं सांगते, मला त्या पोरीपेक्षा बाकीची पोरं जास्त आठवतात. दुसरीतल्या येकाबी पोराला नवल वाटलं न्हाय. त्यांना ठाव व्हतं. सरांनी सांगितलेलं, कुनी घरी बोल्लं तर शुक्रवारवाली त्याच्या आयेला नेईल. पोरांनी आपापल्या आयांना वाचवलं. येक पोरगी माज्याजवळ आली, हळू बोल्ली, मावशी, मंदाच्या आधी माजी पाळी व्हती, पन मी आता मुतत न्हाय.

हातोड्याचा आवाज ऐकून फाटकावरून सुमन धावत आली. तिनं बघितलं. उघडं दार बघितलं, पोर बघितली, पान बघितलं. मंग ती भिंत बघितली, त्या भिंतीला पलीकडं तिचं मशीन. पोरीला उचलली, छातीशी धरली, आनि मंदा लाकडासारखी. गळ्यात हात टाकला न्हाय पोरीनं. आयेच्या खांद्यावरून माज्याकडं बघत राहिली.

पुढं काय व्हायचं ते झालं, म्हंजे काय झालं न्हाय. मोठ्या बाई माज्यासमोर रडल्या, खरं रडल्या, बाई वाईट नव्हत्या. पन बोलल्या, हिरा, बाहेर गेलं तर लोक पोरी पाठवायच्या बंद करतील, पोरींची शाळा बंद व्हईल. पालकांची बैठक बसली. आर्धे पालक बोलले, मारलं का त्यांनी? बोट लावलं का? खोलीत बसवलं तर काय झालं, शिस्त नको का? पोलिसात जायचं कुनाच्या मनात पन आलं न्हाय, मास्तरावर कोन पोलीस आनतं? सुमनचा नवरा गाडीवरून आला, सरांच्या घरी गेला, तितं त्याला पाट दिला, चहा दिला, आनि तो चहा पिऊन आला. सुमन त्याच्याशी महिनाभर बोल्ली न्हाय. सर सुट्टीवर गेले, ते परत आले न्हायत. मंग ऐकलं, दुसऱ्या गावच्या शाळेत लागले. मी आजून इचार करते, तितं कुलपाची खोली आसंल का, आनि तितं लूम नसतील तर मंग रडनं रोज ऐकू येत आसंल, का तितं पन कायतरी आसंल न ऐकू येन्यासारखं. झोप लागत न्हाय त्या इचारानं.

भगताकडं मी भांडायला गेली. तो म्हातारा ऐकून घेत बसला, मंग बोल्ला, तुमी मला दारातलं सांगितलं, दाराआडचं कुनीच न्हाय सांगितलं.

येक गोष्ट मात्र मी केली. मोठ्या बाईंना बोल्ली, मला ठेवायची आसंल तर त्या खोलीचं दार काढा, आनि वर्गांच्या बाहेरच्या कड्या काढा. आळीतल्या बाया माज्यावर धावून आल्या, बोलल्या, दार काढलंस तर ती मोकळी सुटंल. म्हंजे पोर बघून पन त्यांचं भूत गेलं न्हाय. मी बोल्ली, सुटू दे, माज्या घरी येऊ दे, मला सोबत व्हईल. दार मी आनि सुमननं मिळून काढलं. आजून त्या चौकटीला दार न्हाय, आत आता खेळाचं सामान हाय. आनि मी शुक्रवारी लूम थांबल्या की सगळ्या शाळेभोवती चक्कर मारते, कान देऊन. नवीन बाया हसतात मला. हसू द्या.

सुमननं ते काम सोडलं. म्हंजे सुटलंच. कांडी भरता भरता मशीन बंद करायची आनि भिंतीला कान लावायची, शेटनं किती दिवस ऐकून घेतलं, मंग बोल्ला, बाई, कल से मत आना. ती वळला भावाकडं गेली. आता वळमधी बघा कशी गोदामं झालीत, शेतावर गोदाम, गोदामावर गोदाम, त्यातल्या येकात ती खोकी भरते. मंदा तितंच वाढली. बोलायला लागली, मामाशी बोलायची, मामीशी हसायची, माज्याशी तर भांडते पन आजून. शाळेत न्हाय गेली परत. फक्त आयेशी न्हाय बोलत. हां, न्हाय, जेवली, जाते, येवडंच. सुमन मला भेटली की बोलते, पोर माज्यावर रागावलीय, मी भिंतीपलीकडं व्हती आनि मला ऐकू आलं न्हाय म्हनून. आनि मंग दर भेटीला तिचं येकच, हिरा, उताऱ्याच्या भातात मीठ घालत न्हाईत गो. मी आळनी भात घातला माज्या पोरीला. मी बोलते, आगो, भुकेल्या पोराला मीठ कुटं कळतं. ती मान हलवते, आनि पुढच्या भेटीला परत तेच.

मंदाचं लगीन झालं, दापोड्याला दिलीय, येक पोरगा हाय. नवरा बरा हाय, गोदामावर गाडी लावतो. घराला आतून कडी न्हाय, तो काय बोलत न्हाय. मागच्या सालाला वळला येक हळद व्हती, आमी बाया तांदूळ निवडत बसलेलो, मंदा माज्या बाजूला. सुमन पलीकडं चुलीशी. कुनीतरी मंदाला बोल्लं, जा गो, आयेला मदत कर, येकटीच राबतेय. मंदा उठली न्हाय. मला हळूच बोल्ली, मावशी, तुला येक इचारू? आयेला ठाव व्हतं मी तितं हाय, मंग तिनं सोडवली का न्हाय? आपला घरचा लाल भात पाठवायची. तुज्या हातानं पाठवायची. मी हात बाहेर काढून भात खायची आनि मला वाटायचं, आयेला ठाव हाय, आनि ती फाटकावरून परत जाते.

येवडी वर्सं, ताई. येवडी वर्सं पोर हे घेऊन आयेच्या घरात जेवली. मी हातातलं सूप खाली ठेवलं. मी बोल्ली, आगो बाय, न्हाय गो, तिला ठाव नव्हतं, कुनालाच ठाव नव्हतं. तो भात तुजा नव्हता. आमाला वाटलं आत भूत हाय, भुताचा भात व्हता तो, तुला बरं वाटावं म्हनून. मला वाटलं हे ऐकून पोर उठंल, चुलीशी जाईल, आयेच्या गळ्यात पडंल. ती तांदूळ निवडतच राहिली. मंग बोल्ली, म्हंजे मला कुनी कायच पाठवलं नव्हतं.

आता तुमीच सांगा. मी खरं बोल्ली का वाईट केलं? आयेला ठाव व्हतं हे वाईट, का ठाव नव्हतं हे वाईट? मी सुमनला यातलं काय सांगितलं न्हाय. तिचं दुःख आळनी भाताचं हाय, ते तिला जड हाय तेवडंच राहू दे. तुमी लिवताय ते लिवा, ती वाचू शकत न्हाय, कुनी वाचून दाखवू नका म्हंजे झालं.

परवा वळवरून सुमनचा भाऊ आलेला बाजाराला. बोल्ला, मंदा आलेली पोराला घेऊन, दोन दिवस राहिली. मी बोल्ली, आयेशी बोल्ली का? तो बोल्ला, ते काय मी बघत न्हाय बाबा, पन आयेनं वाढलं ते जेवली, आनि दुसऱ्यांदा भात मागितला. येवडंच बोल्ला आनि गेला, त्याला काय ठाव. देव दोघींना सुखी ठेवो. मागितला तिनं, तोंडानं मागितला.